ठकूबाईने पुसलेला फेस

दुपारचे तीन वाजत आले आहेत. नर्सिंग होमच्या खोलीत, सोबतीला राहणाऱ्यांच्या अरुंद खाटेवर प्रमिलाबाई देशमाने पाठ टेकतात. चार वाजता त्यांना पणतवाला सोन्याच्या वळ्याने मध चाटवायचा आहे. नातसून ऋचा सिझेरियननंतर अजून ऑपरेशन थिएटरकडेच आहे; बाळ पाळण्यात, उपाशी. थोरल्या बाईच्या हातचे मधाचे पहिले बोट लागल्याखेरीज कोणी त्याला पाजायचे नाही, असे त्यांनी बजावले आहे. तोवर आपणही त्याला उचलायचे नाही, हा त्यांचा नेम.

तेहतीस वर्षे प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून याच बाईंनी आज्यांच्या हातून मधाच्या वाट्या हिसकावून घेतल्या होत्या. परंतु घरचा पहिला पणतू म्हटल्यावर नियमाने जरा बाजूला उभे राहावे, असे त्यांनी आज सुनेला ऐकवले.

पापण्या जडावतात. पंख्याची घरघर हळूहळू उकळत्या पाण्यासारखी होते. हत्यारे उकळायच्या त्या जुन्या भांड्याचा हा आवाज. झोपेतही त्या तो ओळखतात.

दारात ठकूबाई उभी आहे. प्रसूतिकक्षातल्या आयांची तीच निळ्या काठाची जाडीभरडी साडी, कमरेला खोचलेला पदर. ठकूबाईला जाऊन बावीस वर्षे झाली.

“बाई, उठा. ल्येकरू फेस काढतंय.”

“ठकू, तू इथे कशी?”

“म्या हितंच हाय की. तुमीच न्हवं का म्हनलासा, पुसत बस म्हनून?”

खाट लोखंडी झाली आहे. भिंतींना सरकारी हिरवा रंग चढला आहे. ठकूबाई एका तान्ह्याच्या ओठांवरचा फेस पुसते, फडके पिळते, पुन्हा पुसते. पिळलेला फेस ज्या मोरीत पडतो, ती प्रमिलाबाईंच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातली आहे. फेस मोरी भरून वर येतो आणि त्यांच्या पावलांना लागतो. तो गार आहे.

हे मूल त्यांना ठाऊक आहे. ते जन्मले तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या, नव्या नेमणुकीच्या परिचारिका होत्या. ठकूबाई म्हणाली होती, ‘बाई, एवढ्यात पाजू नगा.’ आणि त्यांनी विचारले होते, ‘शिकलेली तू की मी?’ दुसऱ्या चमच्याला मूल निळे पडले आणि गेले. त्याची अन्ननलिका जन्मतःच मध्ये बंद होती. पहिल्या दुधाआधी नळी पोटापर्यंत जाते का, एवढे पाहिले असते तर ते कळले असते.

“नळी घातली होती का?” डॉक्टरांचा आवाज येतो. डॉक्टर कुठेच दिसत नाहीत.

प्रमिलाबाई ओठ घट्ट मिटतात. तरीही त्यांचेच तोंड उघडते आणि तेव्हाचाच शब्द बाहेर पडतो.

“घातली.”

तेव्हा ठकूबाई शेजारीच भांडे धरून उभी होती. सगळे पाहूनही ती कधी कोणाजवळ बोलली नाही. आता मात्र ती हसते. “आजबी घातलीच म्हना, बाई.”

“ठकू, माझा पणतू आहे गं तो!”

“त्योबी कुनाचा तरी पनतूच हुता.”

तिने मूल उचलून त्यांच्या डाव्या खांद्यावर टाकले आहे. ते दगडासारखे जड आहे. त्याला खाली ठेवावे तर प्रमिलाबाईंच्या दोन्ही हातांत मधाची वाटी आहे आणि ती सुटत नाही.

“आई, चार वाजले.”

सून सुनंदा खाटेपाशी उभी आहे. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात वळे. पाळण्यातल्या बाळाच्या ओठांवर बारीक बुडबुडे जमले आहेत.

“ती वाटी खाली ठेव. सिस्टरला बोलाव. आत्ता!”

तरुण सिस्टर येते, बाळाचे तोंड टिपते. “आजी, घाबरू नका. बाळानं पोटात असताना थोडं पाणी गिळलंय, म्हणून लाळ येतेय. मघाशीही मी दोनदा पुसली.”

“नळी घातलीस का?”

ती पाळण्याला अडकवलेल्या कागदाकडे पाहते. “त्यावर खूण केलेली आहे…”

“कागदाला विचारत नाही मी. तुला विचारते आहे.”

मुलीचा चेहरा उतरतो. ती नळी आणते. नळी बाळाच्या तोंडातून आत सरकते आणि दहा सेंटीमीटरवर अडते. ती काढून पुन्हा घालते. पुन्हा तिथेच.

“तोंडात थेंब जाता कामा नये,” प्रमिलाबाई म्हणतात. आवाज त्यांचाच आहे. “डोके उंच ठेव, लाळ ओढत राहा. डॉक्टरांना सांग, मुलांचा सर्जन हवा. वेळेत कळले तर ऑपरेशन होते, मूल वाचते. पळ!”

सिस्टर पळते. सुनंदाला रडू फुटते. पदर डोळ्यांना लावताना ती एकदम थबकते.

“आई, तुमच्या खांद्यावर हे काय?”

सकाळी इस्त्रीची घडी मोडून नेसलेल्या साडीच्या डाव्या खांद्यावर तळहाताएवढा ओला डाग आहे. त्यावरचे पांढरे बुडबुडे अजून फुटत आहेत. बाळाला तर त्यांनी अद्याप उचललेलेही नाही.

सुनंदा रुमाल पुढे करते. प्रमिलाबाई तिचे मनगट धरतात.

“पुसू नकोस.”