तुफूल मावशीची पुढची चाकं

बिदिया गावाचा डांबरी रस्ता जिथे वाळवंटाच्या वाळूत शिरतो, तिथे माझं गॅरेज आहे. वाळूत जाणारे आधी माझ्याकडे थांबून टायरमधली हवा कमी करून घेतात. तुफूल मावशी मात्र मला टायरला हात लावू देत नाही. स्वतः वाकते, हवा सोडते, टायरवर टाच दाबून पाहते आणि "झालं" म्हणते. नवरा गेल्यापासून ती टेकड्यांपलीकडच्या तळावर शेळ्या-उंटांबरोबर एकटी राहते आणि पाणी न्यायला रोज पहाटे जुन्या पिकअपमधून इकडे येते. बाई हट्टी, तोंडाने फटकळ, आणि मला फार आवडते.

तिचा मुलगा मुहन्ना सूरच्या बंदरात नोकरी करतो. गेल्या शुक्रवारी तो तिला घेऊन माझ्याकडे आला. काहवा पिऊन होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही, हा आमचा रिवाज; पण त्याला धीर कुठला. पेला हातात असतानाच म्हणाला, "सुवैद, हिच्या गाडीचं फोर-व्हील बघ. चारही चाकं ओढत असतील तर ही राहील तिकडे. नसतील तर शेळ्या विकायच्या आणि माझ्याकडे यायचं. तसा शब्द दिलाय हिने."

"दिलाय," मावशी म्हणाली. "गाडीवर माझा भरवसा आहे. तुझ्यावर नाही तेवढा."

ही तपासणी डांबरी रस्त्यावर करायची नसते. यंत्राला ताण बसून आतलं काहीतरी मोडतं. आम्ही गाडी भुसभुशीत वाळूत नेली. पुढच्या चाकांच्या मध्यभागी त्यांना इंजिनाच्या जोराशी जोडणारी कुलपं असतात; ती मी हाताने फिरवून बसवली, मावशीने फोर-व्हीलचा दांडा ओढला, मी चाकाशी उकिडवा बसलो.

"मावशी, रेस दे."

मागच्या चाकांनी वाळूचे फवारे उडवले. पुढची चाकं ढिम्म. पुन्हा करून पाहिलं, तरी ढिम्मच.

मावशी स्टिअरिंग धरून समोरच्या टेकड्यांकडे बघत राहिली. आमच्याकडच्या बायका घालतात त्या मुखवट्याआडचे तिचे डोळे मला बघवेनात. काहीतरी करायचं म्हणून मी चाकाचं कुलूप उघडलं. आतलं ग्रीस वाळून दगड झालेलं, दाते गंजून, झिजून गुळगुळीत.

"हे आत्ताचं नाही," मी म्हणालो. "कित्येक वर्षांत पुढच्या चाकांना जोरच मिळालेला नाही."

"मग ही रोज टेकड्या चढते कशावर?" मुहन्नाने विचारलं.

"मागच्या दोन चाकांवर. हवा नेमकी सोडते, चढण कुठून घ्यायची ते जाणते, आणि थांबायचं तर उतारावरच थांबते. दुसरा कुणी असता तर पहिल्याच टेकडीत रुतला असता."

मावशीला हे मुळीच आवडलं नाही. "म्हणजे इतकी वर्षं मी हिचं गावभर कौतुक करत होते, आणि ही मेली अर्धी झोपून होती?"

मुहन्नाला हसू आवरेना. मला वाटलं, मिटलं. पण मावशी गाडीतून उतरली आणि तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली. "हसू नकोस. शब्द म्हणजे शब्द. शेळ्यांना गिऱ्हाईक बघ."

आता आली पंचाईत. आमच्यात दिलेला शब्द असा हसण्यावारी नेता येत नाही आणि बाई मागे फिरणारी नव्हे. मुहन्नाने किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सुवैद, तपासणी संपली का रे?"

"तू म्हणशील तेव्हा संपेल," मी म्हणालो.

एका भंगार गाडीची चांगली कुलपं माझ्याकडे पडून होती. ती बसवायला दुपार झाली. मावशी फुरंगटून सावलीत बसून होती. तिला जवळजवळ ओढूनच गाडीत बसवावं लागलं. या वेळी चाकाशी मुहन्ना स्वतः बसला.

"दे रेस, आई."

पुढच्या चाकाने उडवलेली वाळू सगळी त्याच्या तोंडावर. डोळे मिटून, वाळू थुंकत तो तसाच बसून राहिला.

"ओढतंय," तो म्हणाला. "जा आता. शेळ्या तहानल्या असतील."