काटेकाकांनी न लिहिलेले अकरा आकडे

त्यांचं आडनाव काटे नव्हतंच. पण इंजिनिअरिंग कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला तसंच वाटायचं, आणि काकांनीही कधी कुणाची चूक सुधारली नाही. स्थापत्य विभागाच्या तळघरात एक बिनखिडकीची खोली होती. तिथे दोन टेकूंवर काँक्रीटची एक तुळई आडवी ठेवलेली आणि तिच्या पोटाला लोखंडी वजनं टांगलेली. एकतीस वर्षं ती तशीच. सतत भार असला की काँक्रीट वाकत राहतं, पण इतकं सावकाश की डोळ्यांना पत्ता लागत नाही. तो पत्ता तुळईखालचं घड्याळासारखं मापक द्यायचं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्याचा काटा वाचायचा आणि वहीत लिहायचा, हे काकांचं काम. म्हणून काटेकाका.

प्रयोग विभागातल्या प्राध्यापक मॅडमचा. त्या नव्यानं शिकवायला लागल्या तेव्हा त्यांनी तो मांडला आणि आता त्या निवृत्तीला टेकल्या होत्या. आपला काय संबंध असं काकांच्या मनात कधी आलं नाही. रविवार असो, सुट्टी असो, सकाळी एक फेरी ठरलेली. लोक हसायचे. "काका, आज किती वाकली?" "तुझ्यापेक्षा कमी," असं म्हणून काका पुढे व्हायचे.

घरी मात्र बायको रोज संध्याकाळी मनापासून विचारायची, "आज काटा किती?" आकडा ऐकला की मान हलवायची, जणू माहेरची खुशाली कळली. त्या खोलीत तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिला जाऊनही आता एकोणीस वर्षं झाली होती.

यंदा विद्यापीठानं उत्कृष्ट संशोधनाच्या पुरस्कारासाठी मॅडमचं नाव पुढे केलं. पडताळणीला तिघांची समिती आली. त्यातले एक चष्मेवाले गृहस्थ दिवसभर वह्या चाळत बसले. चारच्या सुमाराला त्यांनी काकांना बोलावलं.

"बसा हो. एवढ्या वह्यांत मला सगळ्यात काय आवडलं सांगू? हे पान." त्यांनी बारावी वही पुढे सरकवली. "हे अकरा दिवस बघा. सहाव्या दिवशी काटा एकदम सात घरं सरकलाय, दुसऱ्या दिवशी परत जागेवर. मी वीज विभागाची जुनी नोंद काढून पाहिली. त्या दिवशी पहाटेपासून खोलीतलं गारव्याचं यंत्र बंद होतं! तुम्ही ते अचूक टिपलंत. अशी नोंद मनानं रचता येत नाही. अहवालात तुमचं नाव मी स्वतः घालणार आहे."

काकांनी तारखा पाहिल्या, पुन्हा एकदा पाहिल्या. "बरं, साहेब," एवढंच ते कसंबसं बोलले. समिती गेल्यावर ती वही घेऊन ते तडक मॅडमच्या खोलीत गेले आणि त्यांनी ते पान उघडून पुढे ठेवलं.

"मॅडम, ते आकडे माझे नाहीत."

"अक्षर तुमचंच आहे की. नऊचं शेपूट असं ओळीखाली दुसरं कोण ओढतं?"

"अक्षर माझं आहे. लिहिलेत मी नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नीट सांगा, काका."

काकांनी सांगितलं. बायको स्वयंपाकघरात कोसळली, डोक्यात रक्तस्राव झाला होता. अकरा दिवस ते आणि लेक दवाखान्यातून हलले नाहीत. खोलीच्या किल्ल्या दोनच. एक काकांच्या खिशात, दुसरी मॅडमकडे, आणि मॅडम तेव्हा परिषदेसाठी परदेशात.

"ती शुद्धीवर नव्हती. ताप चढला होता. पण रोज सकाळी एकदा ती आकडा बोलायची. नऊ पॉइंट एक्केचाळीस. नऊ पॉइंट बेचाळीस. मला वाटलं, तापातली बडबड. एके दिवशी एकदम म्हणाली, नऊ पॉइंट एकोणपन्नास. माझ्या मनात आलं, हिचं आता काही खरं नाही. अकराव्या दिवशी ती गेली. सगळं उरकून दुसऱ्याच दिवशी सकाळी मी इथे आलो, कुलूप काढलं, वही उघडली, तर सगळे आकडे लिहिलेले. तिनं सांगितलेलेच, क्रमानं. शाई माझ्याच पेनाची, आणि पेन माझ्या खिशात."

"एकोणीस वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलणार? प्रयोगात खोट निघाली असती. नाहीतर माझ्या डोक्यात."

मॅडमनी त्या अकरा ओळींवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी वही मिटली. काकांच्या लक्षात आलं, त्यांनी ती नुसत्या बोटांच्या टोकांनी मिटली होती.

"खरे असोत नाहीतर खोटे, ज्यांचा वाचणारा मला दाखवता येत नाही ते आकडे मी ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी समितीला पत्र लिहिलं की मदतनीस त्या काळात रजेवर होते, या अकरा नोंदींची खात्री देता येत नाही, त्या वगळाव्यात. चष्मेवाल्यांनी नाक मुरडलं, दोन महिने खुलासे मागवले. पण अकरा ठिपके काढले तरी आलेख होता तसाच राहिला. पुरस्कार मॅडमना मिळाला. समारंभात त्यांनी काकांना हाताला धरून मंचावर नेलं, तेव्हा मागच्या रांगेतली पोरं "काटेकाका!" म्हणून ओरडली.

घरी आल्यावर लेकीनं चहा टाकला. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं काकांना वाटत होतं. त्या भरात त्यांनी तिलाही सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता तिचा कप हातातच राहिला.

"बाबा, आई आकडे बोलायची?"

"रोज. तू बाहेर डबा घासायला जायचीस तेव्हा."

"आई बोलूच शकत नव्हती, बाबा. तिच्या तोंडात नळी होती. पार घशापर्यंत. पहिल्या दिवशी घातली ती शेवटपर्यंत काढली नाही."

काकांनी आठवून पाहिलं. चादर आठवली, उशाचं यंत्र आठवलं, आणि हो, ओठांवर चिकटवलेली ती पांढरी पट्टीही आठवली. हललेले ओठ काही आठवेनात. आवाज मात्र स्पष्ट होता, अगदी कानाशी.

"आवाज आईचाच होता?" लेकीनं हळूच विचारलं.

काकांनी कप बशीत ठेवला.

"तेव्हा तसं वाटलं होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला कामावर गेले. पण त्या सकाळपासून त्या खोलीत एकट्यानं दार लावून घेणं त्यांना नकोसं झालं; ते दार सताड उघडं ठेवूनच काटा वाचू लागले. दार उघडं राहिलं की आतली हवा बदलते, आकडा किंचित चुकतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मॅडमच्याही ते लक्षात आलं असणार. पण दार लावून घ्या, असं त्यांनी एकदाही सांगितलं नाही.