अंगणातला निंब

आता राहते त्या गंगापूर रोडला निंबाचा मोहर दरवळला, की लहानपणीचं आमचं पत्र्याचं घर आठवतं. सावली कुठेच नव्हती. आई भर उन्हात अंगणात मेथीच्या जुड्या बांधायची. एकदा वडील निंबाचं रोप घेऊन आले.

"गुलमोहर आणायचा ना! दोन-तीन वर्षांत सावली देतो," आई म्हणाली.

"अन् वाऱ्यात मोडतो. निंब लय टिकतो. पाला धान्यात बी घालता येतो."

"तवर मी टिकले पाहिजे ना!" आई हसली. मग तिनंच शेळ्या येऊ नयेत म्हणून काट्यांचं कुंपण केलं, भाजी धुतलेलं पाणी रोज रोपाला घातलं.

तेव्हा मलाही वडिलांचंच पटलं होतं. आता वाटतं, अंगणात दोन्ही झाडांना जागा होती.

निंबाची सावली अंगणभर झाली, तेव्हा आई नव्हती. त्या सावलीत अभ्यास करून मी बी.ए. झाले, घरातली पहिली.