माझ्या साबणाची डबी

हैदराबादला सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या घरात अंघोळीचा क्रम ठरलेला होता. आधी सासरे, मग आमचे हे, मग सासूबाई आणि सगळ्यात शेवटी मी. सासऱ्यांना कोर्टाची घाई, ह्यांना ऑफिसची, सासूबाईंना देवाची. मला कसलीच घाई नसते, हे चौघांपैकी तिघांनी मला न विचारता ठरवून टाकलं होतं. माझी पाळी येईपर्यंत बंबातलं पाणी कोमट झालेलं असायचं आणि बशीतला साबण पार बुळबुळीत.

साबण तेव्हा सगळ्यांचा एकच होता. लाल, दवाखान्यासारख्या वासाचा. न्हाणीच्या कोनाड्यात एका कपचा उडालेल्या बशीत तो बसलेला असे. तीन माणसांच्या अंगावरून फिरून आलेल्या त्या साबणाची मला नवी नवरी असताना किळस यायची. नखाने वरचा थर खरवडून टाकायचे आणि मग अंगाला लावायचे. काय नखरे होते माझे! त्याच बुळबुळीत साबणासाठी पुढे जन्मभर जीव टांगणीला लागणार आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

लेक वर्षाची व्हायच्या आत माझ्या उजव्या मनगटावर एक पांढरा ठिपका उठला. आधी वाटलं चुना लागलाय. घासला, गेला नाही. महिन्याभरात तो पसरला, मग डाव्या हातावर दुसरा आला. ह्यांनी आणि सासूबाईंनी मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हे कोड आहे. लागण होत नाही. शिवलं म्हणून होत नाही, एका ताटात जेवलं म्हणून होत नाही, कपड्यांनी होत नाही, साबणाने होत नाही. अगदी साबणाचं नाव घेऊन सांगितलं त्यांनी. दोघांनीही शहाण्यासारख्या माना डोलावल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी नात्यातल्या सगळ्यांना सांगितलं, "आमच्याकडे असलं काही मानत नाहीत हो. शिकलेलं घर आहे." आणि त्याच आठवड्यात माझ्यासाठी एक गुलाबी प्लॅस्टिकची डबी आली. झाकणाची. आत कडुलिंबाचा हिरवा साबण.

"तुझी कातडी नाजूक आहे ना, म्हणून तुला वेगळा आणलाय. घरात कुणाला नाही एवढा महागातला आहे हं!"

आणि मी खूश झाले! मूर्ख कुठली. सासूने सुनेसाठी महागातला साबण आणला म्हणून मी माहेरी कौतुकाने सांगितलं. माझी आई म्हणाली, नशीब काढलंस.

मग हळूहळू डोळे उघडले. डबीची जागा कोनाड्यात नव्हती, बाहेर धुण्याच्या दगडापाशी होती. झाकण उघडं राहिलं की सासूबाई स्वतः येऊन लावायच्या, पदराच्या टोकाने धरून. माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर गेला. एकदा लेक रडत होती म्हणून घाईघाईत मी कोनाड्यातलाच लाल साबण लावून अंघोळ उरकली. दुसऱ्या दिवशी तो जवळजवळ अख्खा साबण धुण्याच्या दगडावर आला होता आणि बशीत नवा. कोणी एका शब्दाने बोललं नाही. सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. पण त्यांच्या जिभेवर कायम साखर. गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कधीच जमलं नाही.

ह्यांना विचारलं. म्हटलं, डॉक्टर काय बोलले ते तुम्ही ऐकलंत ना? तर म्हणाले, "आईचं वय झालंय. खामखा कायको परेशान होतेस? साबणच तर आहे." ह्यांचं असंच. अडचणीचं काही आलं की आधी हैदराबादी भाषेत शिरायचं आणि मग तोंडात मिठाची गुळणी धरायची. रात्री अंथरूण एक चालत होतं, सकाळी साबण मात्र वेगळा. हे मी त्यांना तोंडावर बोलून दाखवलं होतं. त्यांनी कूस बदलली.

दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालते. आमच्या लग्नानंतरचा पहिला पाडवा मला अजून आठवतो. ह्यांच्या पाठीला उटणं चोळताना दोघांनाही लाज वाटत होती आणि सासूबाई दाराआडून हसत होत्या. डाग आल्यानंतरच्या पाडव्याला मी वाटी घेऊन उभी राहिले, तर त्यांनी ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली. "तू फराळाचं बघ, चकल्या राहिल्यात तळायच्या. मी लावते माझ्या लेकाला." तिथून पुढे दर पाडव्याला मी चकल्याच तळल्या. गंमत बघा, माझ्या हातच्या चकल्या सगळ्यांना चालायच्या.

डाग जावेत म्हणून मीही कमी साबण नाही लावून पाहिले. गंधकाचा, हळदीचा, पपईचा, बकरीच्या दुधाचा. सुलतान बाजारातला एक दुकानदार मला लांबून बघूनच नवा डबा काढायचा. "अम्मा, ये लेके जाओ, पंधरा दिन में साफ." मला माहीत होतं की हा लेकाचा बनवतोय. तरी घेऊन यायचे. एक साबण तर असा तिखट निघाला की हाताची साल गेली. डॉक्टर रागावले, म्हणाले साबणाने हे येतही नाही आणि जातही नाही, साधा कुठलाही लावा. मी कडुलिंबावरच परत आले. खरं सांगायचं तर तोवर मला तो वास आवडायला लागला होता.

ह्या सगळ्यात माझ्या बाजूने एकच माणूस होतं, माझी लेक. चार-पाच वर्षांची असताना ती धुण्याच्या दगडापाशी जाऊन माझी डबी उघडायची आणि हिरवा साबण तोंडाला, पोटाला, केसांना फासून घ्यायची. "मला आईचाच साबण पाहिजे!" सासूबाई तिला धरून न्हाणीत न्यायच्या आणि लाल साबणाने पुन्हा खसाखसा घासायच्या. ती रडून घर डोक्यावर घ्यायची. "नक्को हा घाण साबण! आईचाच चांगला!" मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. त्या एका ओरडण्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

पुढे सासरे गेले, ते घर विकलं आणि आम्ही तारनाक्याला फ्लॅटमध्ये आलो. इथे बोअरचं जड पाणी, कुठल्याच साबणाला धड फेस येत नाही. बाथरूम दोन, पण माझी डबी मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनवर. सासूबाई शेवटी दोन वर्षं अंथरुणाला होत्या. त्यांना पुसून काढायला नर्स ठेवली होती. ती एक दिवस आली नाही, तेव्हा मी गरम पाणी घेऊन गेले. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज राहू दे गं, मला जरा कणकण वाटतेय." कसली कणकण न् काय! जाताना सुद्धा गोडच बोलल्या.

त्यांचं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी मी माझा हिरवा साबण उचलून बाथरूममधल्या बशीत ठेवला. सगळ्यांच्या साबणाच्या जागी. पन्नाशी उलटलेली बाई, आणि साबण ठेवताना मागे वळून बघतेय, कोणी येतंय का! गुलाबी डबी धुतली आणि तिच्यात सेफ्टी पिना भरल्या. ह्यांना जेवताना म्हटलं, आता घरात हाच एक साबण. ते "हौ" म्हणाले. आठवड्याने खिडकीच्या कट्ट्यावर एक चंदनाचा साबण दिसला, कागदात गुंडाळलेला, ओला. म्हणजे आई गेली, पण लेक शाबूत होता. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी तो साबण फेकला नाही. म्हटलं, राहू दे. माझा तर बशीत आहे ना.

लेक आता हायटेक सिटीत नोकरी करते. मराठी बोलते खणखणीत, वाचायला दिलं की कपाळाला आठ्या. ह्या वर्षी तिने लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, मूळचा सोलापूरचा. त्याचे आईवडील साड्या आणि मोती घ्यायला दोन दिवस आमच्याकडे राहायला येणार होते. मी दिवाळी असल्यासारखं घर घासलं.

ते यायच्या आदल्या दिवशी लेक पिशव्या भरून सामान घेऊन आली. नवे टॉवेल, पंपाच्या बाटल्यांतला पातळ साबण, हाताचा वेगळा, अंगाचा वेगळा. बाथरूम सजवून झालं आणि मी हात धुवायला गेले तर बशी रिकामी. सेफ्टी पिना टेबलावर एका ताटलीत ओतलेल्या होत्या. गुलाबी डबी वॉशिंग मशीनवर. झाकण लावलेलं.

"हे काय गं?"

ती बाटलीवरचं लेबल सरळ करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तुझी स्किन सेन्सिटिव्ह आहे ना. तुला तुझा वेगळाच बरा."

सासूबाईंचं वाक्य होतं ते. मधे दोन इंग्रजी शब्द घातले होते, एवढंच. हे सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

रात्रभर मनात धुमसत राहिले आणि सकाळी सगळे उठायच्या आत डबीतला साबण काढून बशीत नेऊन ठेवला, त्या बाटल्यांच्या मधोमध. पाहुणे आले. सावळ्या, ठेंगण्या, मोकळ्या हसणाऱ्या विहीणबाई. प्रवासाचा शीण आहे म्हणून आल्या आल्या अंघोळीला गेल्या. मी चहाचं आधण ठेवलं. थोड्या वेळाने त्या केस पुसत स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगाला कडुलिंबाचा वास येत होता.

"ते बाटलीतलं काही मला जमेना हो. पंप दाबला की निम्मं फरशीवर. मग तुमचा हिरवाच घेतला. चालेल ना?"

चालेल ना! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी आलं किसत बसले. इतक्या वर्षांत घरातल्या एकाही मोठ्या माणसाने जे केलं नाही, ते ह्या बाईने दारातून आल्यावर तासाभरात केलं होतं. मला तिला मिठी मारावीशी वाटली. म्हटलं, अहो, न चालायला काय झालं, घर तुमचंच आहे.

विहीणबाईंनी माझा हात हातात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत अंगठा फिरवला. "केवढं भाजलंय हो हे! तुमच्या लेकीनं सांगितलं, कढई उलटली म्हणून. खरं सांगू? फोटोत बघून आम्ही घाबरलोच होतो. म्हटलं, दुसरंच काही असेल. पोराचं लग्न म्हटलं की ह्या गोष्टी बघाव्याच लागतात. राग मानू नका."

लेक दारात उभी होती, हातात कपबशांचा ट्रे. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या ओठांची थरथर मला तिथूनही दिसत होती. लहानपणी सासूबाई तिला न्हाणीत ओढून न्यायच्या तेव्हा असंच तोंड करायची ती. एक शब्द बोलले असते तर तिचं लग्न तिथेच मोडलं असतं. मोडू दे, असंही क्षणभर वाटलं.

"हो," मी म्हणाले. "पाडव्याच्या चकल्या तळत होते."

"अगं बाई! आणि तोंडावर नाही ना उडालं?"

"नाही. हातांवरच."

दोन दिवस राहून ते गेले. तारीख ठरली, साड्या झाल्या. गाडी वळल्याबरोबर लेक माझ्या गळ्यात पडून रडली. "थँक्यू आई. तू होतीस म्हणून." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. राग होता, अजून आहे, पण ती माझी लेक आहे आणि तिने तेव्हा तो साबण खरोखर तोंडाला फासला होता.

मग बाथरूममध्ये गेले. विहीणबाई दोन्ही दिवस माझाच साबण वापरत होत्या. बशीत तो ओला होता, बुळबुळीत, त्यांचा एक लांब केस चिकटलेला. खरं कळलं असतं तर त्यांनी त्याला हात लावला असता का? कदाचित लावलाही असता. ते आता मला कधीच कळणार नाही, कारण भाजलं म्हणून मीच सांगितलं होतं. आणि त्या पुन्हा येणार. सणाला येणार, बाळंतपणाला येणार, अंघोळ करणार, माझ्या हातावरून मायेने अंगठा फिरवणार.

मी तो केस काढला. साबण पाण्याखाली धरून धुतला, बाल्कनीत नेला आणि गुलाबी डबीत ठेवला. झाकण ह्या वेळी मीच लावलं.