एकतीस, सावनेर, डावा गुडघा

उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचं, समोरच्याकडे न बघताच "एक मिनिट हं" म्हणायचं, आणि डाव्या कानाला लावलेल्या फोनमध्ये विचारायचं, "हां बोला, कुठून बोलून राहिले?" आमच्या नंबरवाल्या भाऊंना मी बारा वर्षं रोज असं पाहिलं. त्या बोटासमोर पेशंट थांबत, औषध कंपन्यांची टाय लावलेली मुलं थांबत, कधी कधी खुद्द डॉक्टरही थांबत.

धंतोलीतल्या दवाखान्यांत तुम्ही कधी कुणाचं हाड दाखवायला आला असाल, तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचा दवाखाना हाडांचा. डॉक्टरांच्या दाराबाहेर काउंटर, काउंटरवर जाड रजिस्टर, आणि रजिस्टरमागे भाऊ. शेजारच्या खुर्चीवर मी. माझं काम कपाटातून जुन्या फायली काढून देण्याचं. ते माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे होते, त्यामुळे फायलींबरोबर अधूनमधून चहाही मीच आणायचो.

पेशंटला नावानं पुकारणं भाऊंना मान्य नव्हतं. नावं सारखी असतात, घोळ होतो, असं त्यांचं म्हणणं. ते नंबर, गाव आणि दुखणं पुकारत. "सात, काटोल, खुबा." "बारा, पुलगाव, मणका." काटोलचे दोन खुबे एकाच दिवशी आले, तर "काटोल, टोपीवाले" असा खुलासा होई. लोकांनाही त्याचं काही वाटत नसे. "मी पुलगाव" म्हणत माणूस आपला उठून उभा राहायचा.

आता त्या फोनची गोष्ट सांगायला हवी. एकदा दवाखान्याचा फोन दोन महिने बंद पडला होता. नेमक्या त्याच वेळी, पेशंटला घरी न्यायला देतात त्या फायलींची नवी कव्हरं छापायला गेली, आणि डॉक्टरसाहेबांनी त्यांवर तात्पुरता म्हणून भाऊंचा स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. पुढे दवाखान्याचा फोन सुरू झाला, पण कव्हरावरचा नंबर बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या फायली गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत गेल्या. मग काय, फोन भाऊंच्या खिशात, भाऊंच्या जेवणाच्या ताटाशेजारी, भाऊंच्या उशाशी वाजू लागला. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर एक्स-रेचे फोटो पाठवत. भाऊ एका हातानं पोळी मोडत आणि दुसऱ्या हातानं कुणाच्या तरी मोडलेल्या मनगटाचा फोटो मोठा करून बघत.

त्यांना हे आवडायचं, हेही खरं सांगायला हवं. आवाजावरून माणूस ओळखण्याची त्यांना फार हौस. समोरच्यानं "हॅलो" म्हटलं की हे म्हणत, "काटोल ना? खुबा कसा आहे?" पलीकडचा माणूस विरघळून जायचा. हंगामात त्यांच्या घरी संत्र्यांच्या पिशव्या येऊन पडत. त्या घरात संत्रं सोलत निवांत बसायला कुणाला वेळ होता? वहिनी शेजारीपाजारी वाटून टाकत.

एकुलत्या एका लेकीच्या लग्नात मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात फोन. मंगलाष्टकं चालू असताना यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर चार नंबर लिहून घेतले. लेक निघताना रडत रडत पाया पडायला आली, तर यांचं बोट वर. "एक मिनिट हं, बेटा." आम्ही सगळे हसलो. लेकही डोळे पुसता पुसता हसली आणि रायपूरला निघून गेली. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

मग घरात दोघंच उरले. मी कधी त्यांच्याकडे गेलो, तर वहिनी चहा देत, माझ्या मुलांची चौकशी करत आणि आत जात. नवराबायकोत मी कधी भांडण पाहिलं नाही. बोलणंही पाहिलं नाही. वहिनी काहीतरी सुरू करायच्या, "आज ते समोरच्या..." आणि फोन वाजायचा. पुढे पुढे त्यांनी सुरू करायचंच सोडलं असावं.

तो मंगळवार होता. भाऊंनी नेहमीप्रमाणे रजिस्टरवर बोट ठेवून पुकारलं, "एकतीस, सावनेर, डावा गुडघा."

तिसऱ्या रांगेतून एक बाई बाकाचा आधार घेत उठल्या. नीट नेसलेली पोपटी साडी, हातात कापडी पिशवी. वहिनी होत्या.

भाऊंनी आधी रजिस्टरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा रजिस्टरकडे.

"तू काहून आली?"

"मीच आहो सावनेर," वहिनी म्हणाल्या. सावनेर हे त्यांचं माहेर.

"अवं, मले सांगतलं असतं त..."

"सांगतलं ना. फोनवर सांगतलं. तुम्ही लिवून घेतलं. पंधरा दिवसांनी या म्हणलं, आली."

आवाज चढलेला नव्हता. सगळ्या बाया काउंटरवर ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात बोलल्या. मी रजिस्टरमध्ये डोकावलो. भाऊंच्याच अक्षरात सगळं होतं: वहिनींचं माहेरचं नाव, वय, गाव, डावा गुडघा, त्रास सहा महिन्यांपासून. बाकावरच्या दोनचार जणी एकमेकींकडे पाहून हसल्या. भाऊंच्या हातातला फोन वाजत होता. तो न उचलता त्यांनी काउंटरवर ठेवला, वहिनींच्या दंडाला धरलं आणि दोघं डॉक्टरांच्या खोलीत गेले. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. शेवटी मीच उचलला.

बऱ्याच दिवसांनी वहिनींनी मला त्यामागची हकीगत सांगितली. सहा महिने गुडघा दुखत होता. जिना उतरताना जीव जायचा. घरी तीनदा सांगून पाहिलं, तीनदा बोट वर झालं. मग एक दिवस शेजारणीच्या फोनवरून त्यांनी नंबर लावला. चेष्टाच करायची होती. "मले वाटलं, आवाज ओळखतीन अन् हासतीन," त्या म्हणाल्या. "त्यायनं वय विचारलं."

अर्ध्या विदर्भाचा आवाज ओळखणाऱ्या माणसाला हे किती लागलं असेल, ते मी त्या संध्याकाळी पाहिलं. भाऊ काउंटरवर बसून होते. रजिस्टरचं ते पान उघडंच. मला म्हणाले, "तीस वर्षं झाली गा लग्नाले. आज गुडघा दुखते म्हणून समजलं. उद्या अजून काय समजन, काय सांगता येते?"

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेले. सही घ्यायला म्हणून मी फायली घेऊन आत होतो, ते बरंच झालं.

"सर, उद्यापासून साडेसहानंतर हा फोन इथीच राहीन. मी घरी राहीन."

डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण सवय वाईट. ते हसून म्हणाले, "अहो भाऊ, तुमच्याशिवाय चालेल का हा दवाखाना?"

"नाही चालत असन, त हे काही चांगली गोष्ट नाही, सर."

"आणि इमर्जन्सी आली तर?"

"ज्याचं हाड मोडलं, तो सीधा दवाखान्यात येते. मले फोन करून बसत नाही. घरी जे फोन येतात ते सारे नंबराचे. नंबर त सकाळीही लागते."

डॉक्टरांचं हसू गेलं. विचार करून सांगतो म्हणाले. भाऊ बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी रजिस्टर पुढ्यात ओढलं. छप्पन्न वर्षांचं वय. उद्या डॉक्टरांनी कामालाच नको म्हटलं असतं, तर दुसरीकडे कोण विचारणार होतं? मी म्हणालो, "भाऊ, थोडं दमानं घ्यायचं ना." ते म्हणाले, "दमानंच त घेतलं इतके वर्षं."

डॉक्टरांनी आठ दिवस काहीच सांगितलं नाही. त्या आठ दिवसांत भाऊंनी एक वही लिहिली. पुढे फोन उचलणाऱ्याला अडचण होऊ नये म्हणून. ती वही अजून माझ्याकडे आहे. "काटोल, खुबा. मोठ्यानं बोलतात. रागावलेले नसतात, कमी ऐकू येतं." "उमरेड, खांदा. फोन मुलगा करतो, पण तारीख सुनेला विचारून द्यावी." "आर्वी, मणका. यांना नंबर नको असतो. बरं आहे का, एवढं विचारावं." हे वाचलं आणि मला भाऊंचा रागच आला. आर्वीच्या माणसाला काय हवंय, हे यांना बरोबर कळत होतं.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी होकार दिला, पण एक पाचर मारून. साडेसहानंतर तो फोन माझ्याकडे.

मग जे भाऊंचं होत होतं, ते माझं होऊ लागलं. महिन्याभरात माझी बायको माझ्याशी फक्त कामापुरतं बोलू लागली. मी भाऊंवर चिडलो. एक दिवस तोंडावर म्हणालो, "तुम्ही सुटले आन मले अडकवलं." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तू घरी नेते काहून?" ते म्हणाले. "तुले कोणी बांधलं? तुयासाठी मी नाही बोलू शकत गा, तुलेच बोला लागन. पण बोलशीन तवा मी संगं येतो."

आणि आले. डॉक्टरांच्या खोलीत ते एक शब्द बोलले नाहीत, नुसते माझ्या मागे उभे राहिले. मी अडखळत का होईना, बोललो. पुढच्या महिन्यात संध्याकाळसाठी एक बाई नेमल्या गेल्या, आणि त्या घरी गेल्या की फोन दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये राहू लागला. पेशंट कमी झाले नाहीत. आठ दिवस कुरकुरले, मग सकाळी फोन करू लागले.

तुम्हाला वाटेल, आता भाऊ रोज संध्याकाळी बायकोला घेऊन हिंडू लागले असतील. तसं काही झालं नाही. डॉक्टरांचा होकार मिळाल्याच्या तिसऱ्याच दिवशी साडेसात वाजता ते दवाखान्याच्या समोर पानठेल्यापाशी उभे दिसले. डबा विसरला म्हणाले. डबा हातातच होता. मी रस्ता ओलांडून गेलो आणि त्यांना घरी पिटाळलं.

त्यानंतर म्हणे ते नुसते झोपले. संध्याकाळी घरी जायचे, हातपाय धुऊन जरा टेकायचे आणि जेवायला उठवावं लागायचं. वहिनींना काळजी वाटू लागली, हे काय नवीन दुखणं. तीन महिने असं चाललं. मी विचारलं, तर म्हणाले, "थकवा उतराले टाइम लागते गा. चढाले बारा वर्षं लागली."

तीन महिन्यांनी मात्र त्यांना संध्याकाळी जाग राहू लागली. वहिनींना गुडघ्याचा व्यायाम सांगितला होता, पाय सरळ करून उचलायचा आणि दहा आकडे धरून ठेवायचा. आकडे मोजायचं काम भाऊंकडे आलं. हा माणूस मोजता मोजता मध्येच काहीबाही विचारू लागे, आणि वहिनींचा पाय हवेतच. मग त्या रागवायच्या, "अहो, पुढचा आकडा मोजा ना." हे त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलं, पण सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मीही हसलो. मग दोघं फिरायला जाऊ लागले. भाऊंची चाल झपाझप. सुरुवातीला ते पुढे जाऊन उभे राहत. सोबत चालायला शिकण्यात त्यांचा अख्खा हिवाळा गेला.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. दवाखान्यात नंबर पडद्यावर लाल अक्षरांत दिसतात, गाव कुणी पुकारत नाही. त्यांचा नवा नंबर त्यांनी मला जाताना लिहून दिला होता. मी तो कधी लावला नाही. लावावासा पुष्कळदा वाटला.

गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी मी स्कूटरवरून आमच्या भागातल्या मैदानाजवळून चाललो होतो. कडेच्या सिमेंटच्या बाकावर ते दोघं दिसले. मी गाडी बंद करून कडेला लावली. किती सांगायचं होतं मला. आर्वीचे मणका गेले, तेही सांगायचं होतं.

वहिनी बोलत होत्या. हात हलवून, मध्येच थांबून, कुणाची तरी नक्कल करून. गोष्ट बरीच जुनी असावी, कारण भाऊ मधूनच विचारत होते, "मंग?" आणि त्या मागे जाऊन पुन्हा नीट सांगत होत्या. भाऊ त्यांच्याकडे तोंड करून, एक पाय बाकावर घेऊन बसले होते. आजूबाजूला पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा चेंडू बाकाखालून गेला, तरी त्यांनी मान वळवली नाही.

मला त्यांचा हेवा वाटला, आणि डोळ्यांत पाणीही आलं. वहिनींचं बोलणं संपलं की हाक मारू, असं म्हणून मी थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ते संपेना. मग मी गाडी सुरू न करता, तशीच ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली.