थोरले मेस्त्री खड्ड्यात

त्याला सगळे धाकटे मेस्त्री म्हणत. डोक्यावर काळा केस औषधालाही उरला नव्हता, घरात नातू रांगत होता, तरी तो आपला धाकटाच. कारण त्याचा दादा, म्हणजे थोरले मेस्त्री, त्याच गॅरेजात त्याच्या शेजारी उभा असे. याचं धाकट्याला जन्मात कधी वाईट वाटलं नव्हतं. अलीकडे मात्र तो फार दमला होता, आणि का दमलाय हे ज्याला सांगावं तोच नेमका दमणुकीचं कारण होता.

दोघा भावांचं नाव होतं ते इंजिनाच्या कामासाठी. गिअरबॉक्स जागेवर ठेवायचा आणि इंजिन तेवढं बाहेर काढायचं, ही त्यांची पद्धत. बाकीचे गॅरेजवाले दोन्ही एकदम उपसतात आणि बाहेर आणून वेगळे करतात. पण त्यांची छपरं उंच असतात. यांची तुळई इतकी खाली, की मागे गिअरबॉक्सचं शेपूट असलेलं इंजिन तिरकं करून उचलायला जागाच नाही. अर्थात दादाला विचारलंत तर तो छपराचं नाव काढणार नाही. "जे बिघडलेलं नाही त्याला हात कशाला लावायचा?" असं म्हणेल, आणि वर तुमच्याकडेच असा बघेल की तुम्हीच काही बिघडवून आला आहात.

या कामाला दोन माणसं लागतात. एक वर, इंजिन उचलणाऱ्या चेनपुलीच्या साखळीपाशी. दुसरा खाली खड्ड्यात, गाडीच्या पोटाखाली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारे बोल्ट काढून इंजिन पुढे सरकवलं की गिअरबॉक्सला पुढून धरणारं काही उरत नाही. म्हणून खालच्या माणसाने आधी त्याच्या तोंडाखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लावायचा. तो नसेल तर ते धूड खाली येतं, शाफ्ट वाकतो, आणि खाली माणूस असला तर शाफ्टचं दुःख करत बसायला कोणाला सवड राहत नाही. जॅक लागला की दादा खालून सांगायचा, "टेकवला." मगच वर धाकटा साखळी ओढायचा. सगळं आयुष्य या एका शब्दावर चाललं होतं.

मग दादा विसरायला लागला. पहिल्यांदा एका गाडीच्या चाकाचे नट नुसते हाताने फिरवून ठेवले, पान्याने आवळायचे राहिले. धाकट्याने पाहिलं, आवळले, आणि दादाची थट्टासुद्धा केली. पुढे एकदा इंजिन बांधून झालं, किल्ली फिरवायची तेवढी बाकी, आणि आत तेलाचा थेंब नाही. त्या दिवशी थट्टा सुचली नाही. धाकटा तडक वहिनीकडे गेला.

वहिनीला सगळं ठाऊक होतं. "घरीही तसंच आहे, भावजी," ती म्हणाली. "गॅस चालू ठेवतात. एकदा मला म्हणाले, अगं, आई कुठे गेली? पण सकाळ झाली की कामावर जायचं तेवढं बरोबर लक्षात असतं. ते काढून घेऊ नका. घरी बसले तर महिन्याभरात ओळखायचे नाहीत कोणाला."

"आणि गॅरेजात काही झालं तर?"

"तुम्ही आहात ना," वहिनी म्हणाली.

तर हे असं होतं. त्या दिवसापासून धाकटा दोघांचं काम करू लागला. स्वतःचं करायचं आणि दादाचं तपासायचं, तेही दादाला कळू न देता. संध्याकाळी दादाला घरी धाडायचं, मागे राहायचं, आणि त्याने लावलेला एकेक बोल्ट पुन्हा आवळून बघायचा. खालून "टेकवला" आलं तरी साखळी ओढण्याआधी काहीतरी पडल्याचं निमित्त करून वाकायचं आणि जॅक डोळ्यांनी बघायचा. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसायचं, गिऱ्हाइकांनी उशीर झाला म्हणून बोलायचं, ते खाली मान घालून ऐकायचं. घरी आल्यावर तो जेवता जेवता पेंगायचा.

"सांगून टाका ना त्यांना एकदाचं," बायको म्हणायची.

"सांगतो," तो म्हणायचा, आणि कूस बदलायचा.

मग ती भाजीवाल्याची गाडी आली. म्हातारी गाडी, धूर ओकत होती. इंजिन काढण्याला पर्याय नव्हता. भावांनी सकाळपासून काम धरलं. बॉनेट उतरवलं, पाणी आणि तेल काढलं, रेडिएटर बाजूला केला, वायरी सोडवून बांधून ठेवल्या. दादाचे हात कसे चालत होते म्हणून सांगू. हाताला सगळं आठवत होतं. मधूनच तो धाकट्याला दटावतही होता, "पाना नीट धर, घसरेल." धाकट्याला फार बरं वाटलं. पूर्वीसारखंच चाललंय, असं वाटलं.

दादा खड्ड्यात उतरला. शेवटचे बोल्ट निघाले. इंजिन साखळीवर तोललं गेलं.

"टेकवला," खालून आवाज आला.

धाकटा वाकला नाही. गुडघा ठणकत होता, हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. दादाने सांगितलं आणि आपण ऐकलं, एवढंच एकदा करावं, असं त्याला वाटलं. त्याने साखळी ओढली आणि इंजिन पुढे लोटलं. शाफ्ट सुटला, आणि खाली धाडकन आवाज झाला.

"दादा."

धाकटा खड्ड्याच्या काठाशी धावला.

"दादा."

"काय रे, इथेच तर आहे," खड्ड्याच्या पार मागच्या टोकाकडून आवाज आला. "चष्मा शोधतोय."

चष्मा दादाच्या कपाळावर होता. गिअरबॉक्सचं तोंड खाली लोंबत होतं, दादाचं डोकं एरवी जिथे असतं नेमकं तिथे. आणि जॅक भिंतीला उभा होता, सकाळी ठेवला होता तसा.

धाकटा कसाबसा खाली उतरला. दादा एकदा गिअरबॉक्सकडे आणि एकदा जॅककडे बघत होता.

"माझं चुकलं," धाकटा म्हणाला. "मी विचारायला हवं होतं."

"मी टेकवला म्हणालो ना?"

धाकट्याने मान हलवली.

"मला लावल्याचं आठवतंय रे," दादा म्हणाला. "ठोकळा ठेवला, जॅकचा दांडा मारला. आत्तासुद्धा डोळ्यांसमोर आहे." त्याने कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. "तू रोज वाकून बघतोस. संध्याकाळी मागे राहून सगळं पुन्हा आवळतोस. मला कळत नाही असं नाही. आधी राग आला होता. मग म्हटलं, बरं आहे, धाकटा आहे मागे." त्याने जॅककडे बोट केलं. "आज का नाही बघितलंस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

"दमलोय, दादा."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

दादाने चष्मा लावून त्याच्याकडे नीट पाहिलं. पांढरे केस, डोळ्यांखाली आलेली सूज. मग त्याने जॅक ओढून धाकट्यापुढे केला. "तू लाव. मी लावून उपयोग नाही."

धाकट्याने जॅक लावून गिअरबॉक्स वर उचलला. दादा पायरीवर बसून होता.

"उद्यापासून मी खाली उतरणार नाही," तो म्हणाला. "पण हे मी विसरेन. सकाळी येईन आणि सरळ उतरायला लागेन. तेव्हा मला अडव. मी शिव्या देईन, अंगावर येईन. तरी उतरू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. सदरा खिळ्याला टांगला, कामाचे कपडे चढवले आणि खड्ड्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. धाकट्याने त्याचा दंड धरला.

"का रे?" दादाने इतक्या साधेपणाने विचारलं की धाकट्याला हुंदका आवरेना. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग त्याने दादाला बाकावर बसवलं आणि काल काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. ऐकता ऐकता दादाचा चेहरा काल उतरला होता तसाच, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा, उतरत गेला.

"मग तू का नाही बघितलंस?" दादा म्हणाला.

"दमलो होतो, दादा," धाकट्याने पुन्हा सांगितलं, आणि उद्याही हे सांगावं लागणार हे मनाशी धरून तो एकटाच खाली उतरला.