दिवाळीनंतरची पोरं

माझी माय, कौसाबाई, शाळेत शिकवायची. शाळा सातपुड्यात, म्हसावदच्या वर, पहिल्या डोंगराच्या माथ्यावरच्या पाड्यात. आमचं घर खाली कळसाडीला. सोमवारी उजाडायच्या आत ती एसटीने म्हसावद गाठायची, तिथून पायी चढायची आणि मग शनिवारी संध्याकाळीच घरी यायची. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा होतो. शनिवारी दुपारपासून फाट्यावर जाऊन बसायचो. एसटी थांबली, की पहिल्यांदा तिची पांढरी पिशवी दिसायची.

नोकरीचा हुकूम आला तेव्हा बाबांना, म्हणजे ईश्वरला, ते पटलं नव्हतं. घरी ऊस-कापसाची शेती होती, बाईमाणसाच्या पगारावाचून काही अडलेलं नव्हतं. पण आजी, बेबीबाई, सुनेला म्हणाली, "तू जाय. पोऱ्याले मी पाहस." आजीला स्वतःला अक्षर येत नव्हतं. ती असं का म्हणाली, हे तिने कधी सांगितलं नाही.

पाड्यातली माणसं दिवाळी झाली की गुजरातेत ऊस तोडायला जायची. पोरंही बरोबर जायची आणि शाळा ओस पडायची. माय घरोघर फिरली. "पोरं माझ्याजवळ ठेवून जा," म्हणाली. तोवर ती त्यांची पावरी बोली बोलायला शिकली होती, म्हणून असेल, काही जणांनी ठेवली. मग ती त्या पोरांना घेऊन शाळेतच राहू लागली. त्यांना टाकून यायचं कसं, म्हणून शनिवारी घरी येणंही थांबलं. दिवाळीपासून होळीपर्यंत मला माय नसायची. मी तरी फाट्यावर जायचो. आजी येऊन हाताला धरून न्यायची.

अशाच एका हिवाळ्यात मी तापाने पडलो. मुदतीचा ताप, उतरेचना. बाबांनी म्हसावदच्या बाजाराला पाड्यातून आलेल्या माणसाकरवी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना अंगणात गलका झाला. मी खाटेवरून मान वळवून पाहिलं. दारात माय उभी होती आणि तिच्यामागे पोरंच पोरं, धुळीने भरलेली, एकमेकांचे हात धरलेली. सगळ्यात लहान करमसिंग तिच्या कडेवर होता.

बाबा म्हणाले, "हाई काय शे?"

"यास्ना मायबाप ऊस तोडाले गयात," माय म्हणाली. "यास्ले कोठे ठेवू?"

तोवर शेजारपाजार गोळा झाला होता. कोणी म्हणालं, डोंगरातली पोरं घरात घेणार का? आजी चुलीपुढून उठून आली, पोरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पहिले यास्ले खावाले द्या. बोलनं मंग."

त्या दिवशी आमच्या घरात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींची चळत लागली. पोरं ओट्यावर ओळीने जेवली. मागच्या खोलीत वेचून आणलेला कापूस छतापर्यंत भरला होता, त्यावरच झोपली. माय माझ्या उशाशी आली. तिच्या हाताला खडूचा आणि धुराचा वास होता. "उनी ना मी," आले ना, एवढंच म्हणाली. मला खूप बोलायचं होतं, पण झोप लागली.

पोरं होळीपर्यंत राहिली. अंगणातच शाळा भरली. आणि पुढच्या दिवाळीला ती आपसूक आली, मग दरवर्षी येतच राहिली. आमच्या गावातल्या पोरांना चुलतभावंडं होती. मला ही पोरं होती. हिवाळाभर माय आता घरी असायची, पण तिच्या मांडीवर जागा मिळायला वाट पाहावी लागायची. मी पाहायचो.

करमसिंग पुढे एसटीत चालक झाला. माय निवृत्त झाली तेव्हा तिला आणायला गाडी घेऊन तोच वर गेला होता.

शेवटच्या दोन वर्षांत तिला काही आठवेनासं झालं. मला नवनीत म्हणून ओळखायची नाही, पण दिवाळी सरली की दारात जाऊन उभी राहायची.

"पोरं जेवनात का?" विचारायची.

"जेवनात, माय."

"नही. त्या अजून येवाना शेतस." आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसायची.

गेल्या पौषात ती गेली. अस्थी घेऊन आम्ही प्रकाशा या तीर्थाला गेलो, तर तापीच्या घाटावर डोंगरातली माणसं आधीच येऊन बसलेली. कोणाची दाढी पिकलेली, कोणाच्या कडेवर नातवंडं. पाण्यात सगळे माझ्याबरोबर उतरले.

माय शिकवायची ती जागा मी कधी पाहिलीच नव्हती. महिन्याभराने करमसिंग मला वर घेऊन गेला. शाळा आता नवी, पक्की झाली आहे. जुनी खोली पडली, नुसतं जोतं उरलंय. त्याच्या वडिलांनी, दलसिंगांनी, मला काठी टेकत जोत्याच्या पलीकडे नेलं. तिथे डोंगर एकदम तुटतो आणि खाली सगळा सपाट मुलूख पसरलेला दिसतो.

"बाई रोज सांजेला इथं उभी राहायची," दलसिंग मोडक्या मराठीत म्हणाले. "पोरं विचारायची, बाई, काय बघते? सांगत नव्हती. अंधार पडला की आत जायची."

मी तिथे उभा राहिलो. खाली धुरकं दाटलं होतं. उसाचे मळे आणि एक रस्ता पुसट दिसत होता. कळसाडी कुठली, ते काही कळेना. करमसिंगने जेवायला हाक मारली. "येतो," म्हणालो, आणि आणखी थोडा वेळ बघत राहिलो.